काच टिकेल, पण ठेवायची कुठे?
अणुकचरा काचेत कोंडतात म्हटले की पहिली शंका येते : काच तर फुटते! पण तारापूरच्या अणुकचरा प्रकल्पात किरणोत्सारी मूलद्रव्ये वितळलेल्या बोरोसिलिकेट काचेच्या रचनेचाच भाग होतात आणि पोलादी डब्यात थिजतात. तडा गेला तरी काही सांडत नाही. खरा शत्रू पाणी, तेही फार सावकाश झिजवणारे. फ्रान्सच्या एम्बिए बेटाजवळ बुडालेल्या रोमन जहाजातले तडकलेले काचेचे ठोकळे सुमारे 1800 वर्षे समुद्रात राहूनही बहुतांशी शाबूत निघाले.

तरीही हा कचरा हजारो वर्षे सांभाळायचा आहे. तारापूरचे हवेने थंड राहणारे कोठार हा मुक्काम आहे, कायमचे घर नव्हे. त्या घरासाठी खोल खडकातल्या जागेचा निर्णय लोकांशी खुली चर्चा करून आपल्याच पिढीने घ्यायला हवा. हे ओझे नातवंडांवर ढकलणे अन्यायाचे ठरेल.