व्हिडिओला तुम्ही दिसत नाही

या वेळी पेण आणि रोहा अशा दोन ठिकाणांहून जवळपास एकच प्रश्न आलाय, म्हणून बाकीच्यांचे प्रश्न पुढच्या आठवड्यावर ढकललेत. सॉरी!

पेणची वाचक रोज मेमूने पनवेल आणि तिथून लोकलने बेलापूर गाठते. दिवसभर खुर्चीत, उरलेला वेळ गर्दीत. मान आणि खांदे म्हणजे नुसता दगड. रोह्याचा वाचक धाटाव एमआयडीसीत शिफ्ट करतो. नाइट संपवून घरी येतो तेव्हा अंग मोडून आलेलं असतं, पण झोप काही येत नाही. दोघांनाही कुणीतरी छीगोंगचा व्हिडिओ फॉरवर्ड केला. तो टिपिकल व्हिडिओ तुम्हीही पाहिला असेल. पांढऱ्या सिल्कच्या कपड्यातले चिनी गुरुजी, मागे तळं, बासरीचे सूर आणि सावकाश वर जाणारे हात. बघूनच अर्धं टेन्शन गायब! प्रश्न एवढाच, की हे घरी नुसतं बघून शिकता येतं का?

येतं. पण अर्धंच. उरलेलं अर्धं कुठून आणायचं, ते सांगतो.

आधी हे प्रकरण काय आहे ते बघू. 'छी' म्हणजे श्वास, आपण ज्याला प्राण म्हणतो त्याच्या जवळचं काहीतरी. 'गोंग' म्हणजे सरावाने कमावलेलं कसब. या नावाखाली सगळे जुने व्यायाम एकत्र आले ते 1950 च्या दशकात, चीनमधल्या सरकारी आरोग्यधामांत. हालचाली मात्र फार जुन्या. छांग्शा शहराजवळ मावांगदुई इथे 1973-74 मध्ये एक थडगं उघडलं गेलं. ते बंद झालं होतं इसवी सनापूर्वी 168 मध्ये. त्यात रेशमावर रंगवलेला एक तक्ता निघाला. त्यावर 44 माणसं, बायका आणि पुरुष, तरुण आणि म्हातारे, प्रत्येकाची वेगळी पोझ. बाजूला हालचालींची नावं. म्हणजे चित्रातून व्यायाम ध्यानात ठेवायचा हा फंडा बावीसशे वर्षांचा आहे, यूट्यूबचा नाही.

आणि मराठी माणसाला तरी हे कुठे नवीन आहे? औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचं वेड लोकांना लावलं ते पुस्तकांतून. त्यांचं इंग्रजी पुस्तक 1938 मध्ये थेट लंडनहून निघालं. तिकडच्या वाचकाला औंधहून शिक्षक कोण पाठवणार? 1966 मध्ये बी. के. एस. अय्यंगारांचं 'लाइट ऑन योगा' आलं. त्यातले शेकडो फोटो समोर ठेवून जगभर किती लोक घरच्या घरी वाकले असतील! पुढे टीव्ही आला आणि 2000 नंतर रामदेवबाबांच्या पहाटेच्या कार्यक्रमासमोर घराघरांत चटया पडल्या. आजोबा कपालभाती करतायत आणि नातू दप्तर शोधतोय, हा सीन पेण-रोह्यातही झालाच असणार.

तर पडद्यासमोर शिकण्यात काही गैर नाही. गैर आहे ते रोज नवा व्हिडिओ लावण्यात. आज अमुक गुरूंचं 'फुप्फुसांसाठी पाच मिनिटं', उद्या तमुक बाईंचं 'लिव्हर डिटॉक्स', परवा तलवार घेतलेला कुणीतरी. हा टाइमपास झाला, सराव नाही.

माझं ऐकाल तर एकच सेट धरा. 'बा दुआन जिन', म्हणजे जरतारी कापडाचे आठ तुकडे. पैठणीवाल्यांना नाव आवडेल. हे नाव चिनी लिखाणात बाराव्या शतकापासून सापडतं. आठ हालचाली, सगळ्या उभ्याने, एक फेरी बारा-तेरा मिनिटांत संपते. घाम गाळायचा नाही, उड्या नाहीत, मॅटसुद्धा लागत नाही. 2003 मध्ये चीनच्या क्रीडा खात्याने चार जुने सेट तज्ज्ञांकडून नीट बसवून घेतले, त्यात हा एक. त्याचा फायदा असा, की त्या ठरलेल्या पद्धतीचे व्हिडिओ कुणीही केलेले असले तरी साधारण जुळतात. आपण गोंधळत नाही.

आता खरी अडचण. व्हिडिओ तुम्हाला दिसतो, पण तुम्ही व्हिडिओला दिसत नाही.

पेणकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. पेण, हमरापूर, जोहे, इथल्या कारखान्यांत गणपती साच्यातून निघतो. सोंड, हात, पोट, सगळं एका झटक्यात मिळतं. पण साच्यातून निघालेली मूर्ती कुणी तशीच गिऱ्हाईकाला देत नाही. सांधे घासतात, रंग चढतो आणि मग सराईत हात डोळ्यांची आखणी करतो. व्हिडिओ हा साचा आहे. आकार मिळेल. तो तुमच्या अंगावर नीट बसलाय की वाकडा, हे बघणारं दुसरं कुणीतरी लागतं. पेण-रोह्यात योगाचा क्लास सापडेल, छीगोंगचा सापडणं कठीण. म्हणून ही नजर तुम्हालाच घरात उभी करावी लागणार.

सोपं आहे. फोन खिडकीत टेकवून ठेवा आणि स्वतःचं शूटिंग करा. एकदा समोरून, एकदा बाजूने. मग मूळ व्हिडिओ शेजारी लावून बघा. पहिल्यांदा बघताना हसू येईल, आणि येऊ दे. पहिली हालचाल घ्या, दोन्ही हातांनी आभाळ पेलायची. बोटं एकमेकांत गुंफायची, हात वर न्यायचे, तळवे आभाळाकडे. करताना आपल्याला वाटतं आपण ताठ उभे आहोत. शूटिंगमध्ये दिसतं की खांदे कानाला भिडलेत, बरगड्या पुढे आल्यात, कमरेत बाक पडलाय. बेलापूरच्या खुर्चीने बनवलेलं शरीर असंच करतं. व्हिडिओतले गुरुजी हे सांगत नाहीत, कारण त्यांच्या अंगात ही चूकच नाही!

दुसरी हालचाल धनुष्य ओढण्याची. पाय फाकवून घोड्यावर बसल्यासारखं खाली जायचं, एक हात बाजूला ताणायचा, दुसऱ्याने दोरी खेचल्यासारखं करायचं. दिसायला एकदम सही. गुडघ्यांची वाट लागते ती इथेच. गुरुजी खोल बसतात म्हणून आपणही बसतो आणि गुडघे आत झुकतात. गुडघा पायाच्या बोटांच्याच दिशेला राहिला पाहिजे. राहत नसेल तर कमी खाली जा, अगदी चार बोटं. कुणी मार्क देणार नाहीये. आणि दुखलं तर थांबा, 'सवय होईल' म्हणून रेटू नका.

डावं-उजवं हा आणखी एक झोल. गुरुजी तोंड तुमच्याकडे करून उभे असले की त्यांचा डावा हात तुमच्या उजवीकडे दिसतो. काही व्हिडिओ आरशासारखे उलटे केलेले असतात, काही नसतात. शक्यतो पाठमोरा व्हिडिओ शोधा, डोक्याला ताप नाही. आणि आठवड्याला एकच हालचाल. पहिले दोन दिवस व्हिडिओ लावून, मग बंद. जोवर डोळे पडद्यावर आहेत तोवर मान तिकडेच वळलेली राहते, आणि चौथ्या हालचालीत तर मान मागे वळवायची असते. बघणार कसं?

श्वासाचं फार टेन्शन घेऊ नका. ढोबळमानाने हात वर जाताना आत, खाली येताना बाहेर. जुळलं नाही तर नेहमीसारखा घ्या, पण कोंडून धरू नका.

घरात आई, बहीण, बायको किंवा नवरा असेल तर त्यांनाही दोन मिनिटं बघायला लावा. त्यांना छीगोंग कळायची गरज नाही. 'तुझा डावा खांदा वर आहे' एवढं कुणालाही दिसतं. आणि घरच्यांना चूक काढायला सांगावी लागत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच.

आता रोह्याच्या वाचकाचा उपप्रश्न, आणि इथे मी जरा कडक होणार आहे. त्याच्या बाबांना ब्लड प्रेशर आहे. त्यांनीही व्हिडिओ पाहिला आणि त्यात म्हणे सांगितलंय की तीन महिने केलं की गोळी सुटते. बाबांनी गोळी अर्धी केली आहे.

आजच्या आज पूर्ववत करायला सांगा आणि त्यांना डॉक्टरकडे घेऊन जा. बा दुआन जिनवर चीनमध्ये बऱ्याच चाचण्या झाल्यात. झोप, तोल, रक्तदाब यांत फायदा दिसल्याचं त्यातल्या कित्येकांत म्हटलंय. पण त्यातल्या पुष्कळ चाचण्या लहान आणि ढिल्या आहेत, आणि व्यायामाचा फायदा झाला म्हणजे गोळीची सुट्टी झाली असा त्याचा अर्थ होत नाही. हाताच्या नुसत्या लहरींनी कॅन्सर घालवतो म्हणणारे गुरू 1980-90 च्या दशकांत चीनमध्येच ढिगाने झाले, स्टेडियम भरून त्यांची भाषणं व्हायची. त्या लाटेत लोकांनी डॉक्टर सोडले. आपण तो अनुभव रोह्यात नव्याने घ्यायची गरज नाही. गोळी कमी करायची की नाही, ते मोजलेले आकडे बघून डॉक्टर ठरवतील.

बाबांनी व्यायाम करू नये असं मी म्हणत नाही. डॉक्टरांना विचारून जरूर करावा. फक्त पाचवी हालचाल, ज्यात डोकं खाली झुकवून गोल फिरवतात, आणि सहावी, ज्यात वाकून पायाला हात लावतात, या दोन त्यांनी गाळाव्यात. डोकं हृदयाच्या खाली गेलं की प्रेशरवाल्यांना गरगरू शकतं. पेणच्या वाचकालाही सहावीबद्दल सांगतो: कंबर आधीच धरलेली असेल तर गुडघे सैल ठेवा आणि हात मांडीपर्यंतच पोचू द्या.

वेळ कुठली? पेणवालीने सकाळची गाडी पकडायच्या आधी उगाच घाई करू नये. घाईत केलेलं छीगोंग म्हणजे सावकाश खायच्या पेणच्या पोह्यांचा एका घासात फडशा. संध्याकाळी घरी आल्यावर, जेवणाआधी. रोह्यावाल्याने नाइटनंतर आंघोळ करून, पडदे ओढून करावं आणि लगेच आडवं व्हावं, मध्ये मोबाइल नको. पावसाळ्यात फरशी ओलसर असते, तेव्हा मोजे नकोत, अनवाणी करा.

आठवी हालचाल सगळ्यात सोपी. टाचा उचलायच्या आणि सोडायच्या, सात वेळा. व्हिडिओत ती तळ्याकाठच्या मातीवर केलेली असते. तुम्ही बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर राहत असाल तर जरा हळू सोडा, नाहीतर आठव्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू विचारायला येतील.