फास्ट म्हणजे नेमकं किती फास्ट?

चंद्रपूरचा मे म्हणजे काय ते चंद्रपूरकरांनाच विचारा! पारा पंचेचाळीसच्या पुढे आणि नेमका तेव्हाच तेंदूपत्त्याचा सीझन. चंद्रपूर-गडचिरोलीत लोक पहाटेपासून पानं तोडतात, सत्तर पानांचा एक पुडा बांधतात आणि संध्याकाळी मोजून देतात. कुणी किती पुडे दिले, या नोंदीवर घरचा पैसा ठरतो.

माझा एक मित्र याच हिशेबाचं सॉफ्टवेअर लिहितो. परवा फोनवर म्हणाला, ‘‘यार, डेटाबेस लय स्लो आहे. क्लायंटला नवीन सर्व्हरच घ्यायला लावतो.’’ मी विचारलं, ‘‘टेस्ट कुठल्या बिल्डवर केलीस?’’ तर साहेबांनी बग शोधायला पोस्टग्रेस स्वतः कंपाइल केलेलं. ऑप्टिमायझेशन बंद, वर असर्ट चालू! घ्या!

कंपायलर तुमच्या प्रोग्रॅमचा मशीनच्या भाषेत तर्जुमा करतो. ‘ओ-झिरो’ म्हटलं की तो शब्दाला शब्द ठेवतो. ‘ओ-टू’ म्हटलं की फुकटची कामं गाळतो, हाताशी लागणारे आकडे प्रोसेसरमध्येच ठेवतो. असर्ट तर पावलोपावली ‘सगळं ठीक ना?’ विचारत बसतो. बग पकडायला बेस्ट, वेग मोजायला बेकार. पोस्टग्रेसचं मॅन्युअलही रोजच्या वापरासाठी तो नको म्हणतं.

उलटंही होतं हं. आकडा जास्तच गोड आला तर मला आधी डिस्कचा संशय येतो. जुन्या पीसीतली हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एकटा युजर एकामागून एक नोंदी खरोखर डिस्कवर लिहीत असेल तर सेकंदाला साधारण तेवढ्याच पक्क्या होणार. टेस्ट हजारोंचा आकडा दाखवत असेल, तर बहुतेक डिस्क नोंद स्वतःच्या कॅशमध्ये ठेवून ‘लिहिलं बरं का’ अशी थाप मारतेय. तेवढ्यात लाइट गेली की कुणाचे तरी पुडे गायब! (एसएसडीचं गणित वेगळं, पण थापा तिथेही चालतात.)

शिवाय ऊन. लॅपटॉप तापला की प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो. सकाळची टेस्ट आणि भर दुपारची टेस्ट यांची तुलना कशी करणार? टीपीसी ही संस्था १९८८ पासून डेटाबेसच्या शर्यतींचे नियम ठरवते. ती निकालाबरोबर मशीन, सेटिंग्ज आणि किंमतही जाहीर करायला लावते, ते उगाच नाही. जाहिरातीत मात्र फक्त ‘दुप्पट फास्ट’!

मित्राने नॉर्मल बिल्ड टाकून, कूलरसमोर, तीनदा टेस्ट घेतली. सर्व्हरचं कोटेशन सध्या ड्रॉवरमध्ये आहे. क्लायंटला त्याने फक्त एक बरासा यूपीएस घ्यायला लावलाय.