उलटा करा आणि गुणा, पण का?

पावणेदोन भागिले अर्धा किती? शाळेत आपण पाठ केले, ‘दुसरा अपूर्णांक उलटा करा आणि गुणा.’ उत्तर साडेतीन. पण उलटा का करायचा?

लिपिंग मा या संशोधिकेने हेच उदाहरण अमेरिका व चीनमधील प्राथमिक शिक्षकांना घातले. १९९९ साली तिचे पुस्तक निघाले. चीनच्या ७२ शिक्षकांपैकी सर्वांचे उत्तर बरोबर आले. अमेरिकेच्या २१ जणांनी उदाहरण सोडवायला घेतले, पूर्ण बरोबर आले फक्त ९ जणांचे. आणि पदवीधर होते ते अमेरिकेचे शिक्षक!

म्हणजे उणीव पदवीची नव्हती, प्राथमिक गणिताच्याच समजेची होती. अमेरिकेतील महाविद्यालयांत भावी प्राथमिक शिक्षकांसाठी गणिताचा वेगळा अभ्यासक्रम असतो तो यासाठीच. तिथे हातचा, दशक, अपूर्णांक पुन्हा शिकतात, पण कारणासकट.

कारण अवघड नाही. पावणेदोन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या मापाने मोजा. एका लिटरात दोन मापे, म्हणून दोनने गुणायचे. साडेतीन मापे भरतात.

ज्या घरी शिकवणीला पैसे नाहीत, समजावून सांगणारे कोणी नाही, तिथल्या मुलाला शाळेतल्या बाईंचाच आधार. बाईंनाच कारण ठाऊक नसेल, तर मूल ‘मला गणित येत नाही’ म्हणून खाली बसते. दोष मात्र त्याच्या डोक्याला लागतो.

आपल्या घरातली मुलगी शिक्षिका होणार असेल, तर तिला आजच दुधाचे माप हाती देऊन विचारा, ‘सांग बरं, उलटा का करायचा?’