संकेतस्थळ बुडाले, म्हणून श्रेयही बुडवायचे?



गिरगाव-दादर सोडून बदलापूर-अंबरनाथला स्थिरावलेल्या घरांतली निवृत्त मंडळी हल्ली हौसेने वंशावळी जुळवतात. त्यात वावगे काही नाही. पण माहिती इंटरनेटवरून घेतली, ती पाने आता दिसत नाहीत, एवढे मनोगतात सांगून कुलवृत्तांताचे संपादक मोकळे होतात, हे पटत नाही.

पाने गेली हे खरेच. जिओसिटीज 2009 मध्ये बंद झाले, ऑर्कुट 2014 मध्ये, याहू ग्रुप्स 2020 मध्ये. परदेशातल्या भाच्या-पुतण्यांनी तिथे टाकलेल्या नोंदीही बुडाल्या. वेबॅक मशीनवर जुना पत्ता टाकला तर काही हाती लागते. लॉगिनच्या आतले मात्र सहसा नाहीच. म्हणून लिहिणाऱ्याचे नावही गेले काय? पान कुणाचे, कधी पाहिले, छापील प्रत कुणाकडे, हे दोन ओळींत सांगता येते. इतिहासकार राजवाडे 1898 पासून इतिहासाच्या साधनांचे खंड छापू लागले, तेव्हा कागद कुठे सापडले हेही सांगत गेले.

नावे-सनावळ्यांवर कुणाची मालकी नसते, असे यावर उत्तर मिळते. बरोबर आहे. नुसत्या कष्टांनी कॉपीराइट मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानेही 2007 मध्ये मोडक खटल्यात सांगितले. पण कुणी लिहिलेली हकीकत जशीच्या तशी उचलणे वेगळे. तिच्यावरचा हक्क लेखकाच्या मृत्यूनंतरही 60 वर्षे राहतो. सर्व्हर बंद पडल्याने तो संपत नाही.

माझा खरा आक्षेप मात्र कायद्याचा नाही. एकाने अंदाजाने जोडलेली पिढी चौघे नाव न घेता उतरवतात आणि वाचणाऱ्याला पाच स्वतंत्र पुरावे मिळाल्यासारखे वाटते. मुळातला 'बहुधा' पहिल्याच नकलेत गळतो. मग त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत वेगळे नाव निघाले, तर वहीच चुकली म्हणायची पाळी! शेजारच्या उल्हासनगरात फाळणीनंतर आलेल्या कित्येक सिंधी घरांचे कागद तिकडेच राहिले. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्या आणि थोरांच्या आठवणी, एवढाच त्यांचा आधार. तिथे आठवण कुणाची, हे पुसले की पडताळायला काहीच उरत नाही.

कुलमंडळांना विनंती, की मूळ पान हरवले असेल तर तसे स्पष्ट छापावे, लिहिणाऱ्याचे नाव द्यावे आणि जिचा आधार सांगता येत नाही ती पिढी वंशवृक्षात तुटक रेषेने दाखवावी.

– एक वाचक, कुळगाव-बदलापूर