तुटले तेथेच पुन्हा जोडू नये

नळाची तोटी फिरविली की पाणी यावे, एवढीच आपली अपेक्षा असते. ते कोठून येते, किती नद्या-ओढे ओलांडून येते आणि ज्या पाइपातून येते त्याचे वय काय, हे सहसा कोणी विचारीत नाही. पाणी बंद झाले म्हणजे मात्र सर्वांनाच पाइपाची आठवण होते. आमचे आजचे म्हणणे या विसरलेल्या पाइपाविषयी आहे, आणि त्यासाठी आम्ही वाचकांना न्यूझीलंडला नेणार आहोत. आपल्यापैकी काहींची मुले-नातवंडे तेथे नोकरी-शिक्षणासाठी गेली आहेत. शिवाय तो देशही आपल्यासारखाच समुद्राने वेढलेला आणि चक्रीवादळांचे तडाखे सोसणारा आहे. तेथे जे घडले ते आपल्या अंगणापासून फार दूरचे नाही.

न्यूझीलंडच्या उत्तर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर गिस्बर्न नावाचे शहर आहे. या शहराचे मुख्य पाणी वाइंगाकेच्या डोंगराळ भागातून एका लांब जलवाहिनीने येते. मार्च १९८८ मध्ये 'बोला' हे वादळ त्या प्रदेशावर आले. काही ठिकाणी चार दिवसांत ९०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडला. डोंगर घसरले, नद्या फुगल्या आणि ती वाहिनी अनेक जागी तुटली. पुढे फेब्रुवारी २०२३ मध्ये 'गॅब्रिएल' आले, आणि त्याच डोंगरांतून येणारी तीच मुख्य वाहिनी पुन्हा अनेक जागी तुटली. घरोघरी सांगण्यात आले की पाणी केवळ पिण्यापुरते व अत्यंत गरजेपुरते वापरा. पाण्यावर चालणाऱ्या मोठ्या उद्योगांना हात आखडता घ्यावा लागला. दोन वादळांमध्ये ३५ वर्षांचे अंतर होते.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. त्या शहराने मधल्या काळात काहीच केले नाही असे नाही. 'बोला'नंतर वाइपाओआ नदीच्या पाण्यावर दुसरे जलशुद्धीकरण केंद्र उभारण्यात आले, आणि २०२३ मध्ये मुख्य वाहिनी बंद असताना शहराला त्याच केंद्राचा आधार मिळाला. ज्यांनी पहिल्या संकटातून एवढा धडा घेतला त्यांना आम्ही शाबासकीच देऊ. पण दुसरी विहीर खणली म्हणून पहिल्या विहिरीचा फुटका कठडा तसाच ठेवायचा का, हा प्रश्न उरतोच.

जलवाहिनी बहुधा नदीपाशीच का तुटते, हे समजून घेण्यासारखे आहे. नदी ओलांडण्याचे जुने मार्ग दोनच. एक, पाइप पुलावर टांगायचा. दुसरा, नदीच्या पात्रात चर खणून तो पुरायचा. पुलावरचा पाइप पुराच्या तोंडी असतो. गिस्बर्नच्या परिसरात तर पाइन वृक्षांच्या तोडीनंतर डोंगरावर राहिलेले ओंडके आणि फांद्या पुरात वाहून येतात व पुलांवर आदळतात. पात्रात पुरलेला पाइप सुरक्षित वाटतो, पण मोठ्या पुरात नदी आपला तळ खरवडून काढते. तळ खाली गेला की पाइप उघडा पडतो, त्याच्या खालची माती निघून जाते आणि अधांतरी लोंबणारा पाइप सांध्यात मोडतो.

आता तिसरा मार्ग उपलब्ध आहे, तो म्हणजे चर न खणता नदीच्या बऱ्याच खालून जाण्याचा. एका काठावर यंत्र ठेवतात. ते तिरपे भोक पाडीत जमिनीत शिरते, नदीच्या तळाखालून जाते आणि दुसऱ्या काठावर वर येते. टोक कोठे पोहोचले हे वर उभ्या माणसाला उपकरणावर कळते, त्यामुळे दिशा वळविता येते. भोक कोसळू नये म्हणून त्यात बेंटोनाइट नावाच्या चिकणमातीचा पातळ चिखल भरतात. मग मोठी पाती फिरवून भोक रुंद करतात आणि आधीच सांधून ठेवलेला अखंड पाइप पलीकडून ओढून घेतात. वर नदी वाहत राहते, मासे फिरत राहतात, पुलावरची रहदारीही चालू राहते.

हे तंत्र न्यूझीलंडला परके नाही. ऑकलंडच्या उत्तरेस आर्मी बे येथे २०१८ मध्ये सुमारे दोन किलोमीटर लांबीचा पाइप अशाच प्रकारे चर न खणता जमिनीखालून समुद्रात नेण्यात आला. तो सांडपाण्याचा होता. पण जे हात समुद्राखाली पाइप नेऊ शकतात त्यांना नदी अवघड नाही. २०१० आणि २०११ च्या क्राइस्टचर्चच्या भूकंपांनीही एक गोष्ट दाखवून दिली. जुने बिडाचे आणि ॲस्बेस्टॉस-सिमेंटचे पाइप जेथे कडाकडा मोडले, तेथे पॉलिथिलीनचे लवचीक पाइप पुष्कळ चांगले टिकले. नदीखालून ओढण्यासाठी बहुधा याच जातीचे किंवा पोलादी पाइप वापरतात.

आणखी एक कारण आम्हांस मोलाचे वाटते. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी माओरी लोक नदीला आपल्या पूर्वजांपैकी एक मानतात. २०१७ मध्ये तेथील संसदेने कायदा करून वांगानुई नदीला कायद्याच्या दृष्टीने व्यक्तीचे स्थान दिले. ज्यांच्या घरी गंगापूजन होते अशा आपल्या लोकांना हे नवल वाटू नये. जिला आपण माता म्हणतो तिचे पोट चिरून पाइप पुरण्यापेक्षा तिच्या खालून मुकाट्याने निघून जाणे अधिक शोभते.

यावर कोणी म्हणेल, "हे सारे ठीक, पण पैसा?" आक्षेप खरा आहे. मोकळ्या शेतातून पाइप न्यायचा तर साधा चर खणणेच स्वस्त आणि शहाणपणाचे. शिवाय नदीखाली जाडे गोटे असतील तर भोक टिकत नाही; दाब जास्त झाला तर चिखल भेगांतून वर येऊन नदीतच मिसळतो. म्हणून जमिनीची परीक्षा न करता यंत्र आणणे हा अडाणीपणा होय. परंतु लांब वाहिनीत नदीखालचा भाग असतो काही शेकडा मीटरांचा. सारी वाहिनी जमिनीखाली न्या असे आम्ही म्हणत नाही. जेथे ती तुटते तेवढा भाग खोल न्यावा, दोन्ही काठांवर पाणी तोडण्याच्या झडपा बसवाव्यात, आणि उरलेल्या जुन्या पाइपांची बदली वयाप्रमाणे क्रमाने करावी. संकटाच्या पहिल्या आठवड्यात तुटले तेथेच जोडावे लागते, त्याला इलाज नाही. मात्र त्या जोडणीलाच कायमचे काम समजणे ही खरी चूक.

पैशाचा प्रश्न तेथे राजकारणाचाही झाला. पाण्याची कामे नगर परिषदांकडून काढून मोठ्या संस्थांकडे द्यावीत अशी आधीच्या सरकारची योजना होती. नव्या सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये तिचे कायदे रद्द केले. नगर परिषदांना आपापल्या पाण्याच्या योजना सप्टेंबर २०२५ पर्यंत सादर करण्यास सांगण्यात आले. जबाबदारी पुन्हा स्थानिक करदात्यांच्या दारी आली. पण तेथे २०२२ च्या स्थानिक निवडणुकांत निम्म्याहून अधिक मतदार मतदानालाच गेले नाहीत. पट्टी वाढविणार नाही असे सांगणारा उमेदवार सर्वांना गोड वाटतो; त्याने न बदललेला पाइप मात्र पुढच्या पिढीच्या माथी फुटतो. २०२४ च्या आरंभी राजधानी वेलिंग्टनच्या परिसरात चाळीस टक्क्यांहून अधिक पाणी गळतीतच जात होते.

हे वाचून आपण मॉरिशसवासीयांनी नाक मुरडू नये. आपल्या बेटावरही शुद्ध केलेल्या पाण्यापैकी अर्ध्याहून अधिक हिशेबात येत नाही, आणि त्यातील मोठा भाग जुन्या पाइपांतून गळून जातो. मार ओ वाकवाचे तळे भरले की आपण निश्चिंत होतो आणि छपरावर टाकी बसवून आपापल्या घरापुरता प्रश्न सोडवितो. आपल्या पूर्वजांच्या मातृभूमीत, मुंबईत, १८९२ च्या तानसा धरणाचे पाणी वाहून आणणाऱ्या वाहिन्यांची निगा ठेवता ठेवता पालिका थकली; शेवटी गुंदवली ते भांडुप सुमारे १५ किलोमीटरचा बोगदा खडकातून काढण्यात आला. त्या बोगद्यापुढे उभे राहून कोणी छायाचित्र काढून घेत नाही, पण लाखो घरांची चूल त्याच्यावर चालते.

आम्ही शिक्षक मुलांना पाण्याचे चक्र शिकवितो: समुद्र, ढग, पाऊस, नदी. फळ्यावरचे चित्र नदीपाशी संपते आणि नळ कोठेच दिसत नाही. त्या चित्रात पाइपही काढावा असे आम्हांस वाटते. मोठ्यांसाठी आमची विनंती याहून साधी आहे. पुढच्या निवडणुकीत उमेदवार दारात आला की त्याला नवा रस्ता, नवे सभागृह यांविषयी जरूर विचारा. पण त्याआधी विचारा, की आपल्या गावाचा पाइप नदी कोठे ओलांडतो, तो किती वर्षांचा आहे आणि कधी बदलणार? उत्तर मिळाले तर त्यासाठी लागणारी वाढीव पट्टी कुरकुर न करता भरण्याची तयारीही ठेवा. तहान लागल्यावर विहीर खणू नये, हे आपल्या वाडवडिलांनी सांगूनच ठेवले आहे. गिस्बर्नला ही तहान दोनदा लागली. आपल्याला एकदाही लागण्याची वाट पाहण्याचे कारण नाही.