टक्केवारीचा छेद विचारा!



लंबकाचा प्रयोग करताना एखादे निरीक्षण आलेखाच्या रेषेबाहेर पडले, की तुमच्यापैकी काही जण ते हळूच खोडून टाकतात. प्रयोगवहीत हे खपून जाते. पण ते निरीक्षण म्हणजे एक माणूस असेल तर?

रक्ताच्या कर्करोगाचा एक विरळा प्रकार पाहा. त्याचे नाव अ‍ॅक्यूट प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया. यात १५ व्या आणि १७ व्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत बदलले जातात. पांढऱ्या पेशींची वाढ अर्धवट अवस्थेत अडते आणि रक्त गोठण्याची क्रिया बिघडते. पूर्वी अनेक रुग्ण रक्तस्रावाने थोड्याच दिवसांत दगावत. १९८८ मध्ये शांघायच्या डॉक्टरांनी ‘अ’ जीवनसत्त्वाशी नाते असलेल्या ट्रेटिनॉइन या औषधाचा अनुभव प्रसिद्ध केला. २४ पैकी २३ रुग्णांचा रोग केवळ त्या औषधाने ओसरला होता. पुढे त्याला आर्सेनिकची जोड मिळाली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या इटली व जर्मनीतील चाचणीत ही जोडी घेतलेले ९७ टक्के रुग्ण दोन वर्षांनंतरही रोग न उलटता जिवंत होते.

आता विचारा, ९७ टक्के कोणाचे? चाचणीत फक्त कमी व मध्यम धोक्याचे रुग्ण घेतले होते. शिवाय चाचणीत नाव दाखल होईपर्यंत जो जगला, तोच मोजला गेला. याउलट स्वीडनमध्ये १९९७ ते २००६ या काळातील देशभरच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे २९ टक्के रुग्ण पहिल्या ३० दिवसांतच गेल्याचे आढळले. त्यांतील कित्येकांना ट्रेटिनॉइन मिळालेच नव्हते. काळ वेगळा, उपचारही काहीसे वेगळे, हे खरे. पण छेदही वेगळा होता, हे विसरू नका.

दोन्ही आकडे खरेच आहेत. पहिला सांगतो औषध काय करू शकते. दुसरा सांगतो ते वेळेवर किती जणांपर्यंत पोहोचले. माझ्या मते दुसरा आकडा अधिक शिकवतो. नुसता संशय आला तरी गुणसूत्रांच्या तपासणीची वाट न पाहता हे औषध सुरू करावे, असे आज डॉक्टरांना सांगितले जाते, ते अशा लवकर गेलेल्या रुग्णांचीही मोजणी झाली म्हणूनच.

तेव्हा शिक्षकबंधुभगिनींना माझी विनंती आहे, की रेषेबाहेरचा बिंदू विद्यार्थ्यांना खोडू देऊ नका. त्याभोवती वर्तुळ काढून कारण शोधायला सांगा. आणि मित्रहो, कोणतीही टक्केवारी वाचलीत की आधी विचारा: छेदात कोण आहे, आणि कोण राहून गेले?