दोन मिनिटांचें उड्डाण

स्कॉटलंडच्या उत्तरेस ऑर्कने द्वीपसमूहांत वेस्ट्रे व पापा वेस्ट्रे या दोन बेटांच्या विमानतळांमधील अंतर अवघें २.७ किलोमीटर आहे. १९६७ पासून येथें नियमित विमान जातें. नेमलेला वेळ दोनच मिनिटें, आणि वारा अनुकूल असतां हा प्रवास ५३ सेकंदांतहि उरकलेला आहे! एवढ्याशा वाटेला विमान म्हणजे निव्वळ चैन, असें आम्हांसही प्रथम वाटलें. परंतु पापा वेस्ट्रेवर वस्ती शंभराच्या आंतबाहेर. शिक्षक, डॉक्टर व रोगी यांना याच विमानाचा आधार, कारण दर्या खवळला कीं होडीचा भरंवसा नाहीं. पावसाळ्यांत ओढा भरला म्हणजे पलीकडच्या आळीचा वैद्यहि परगांवचा होतो, हें ज्यांनीं घरांत आजारी माणूस असतां अनुभविलें आहे, ते या दोन मिनिटांस चैन म्हणणार नाहींत.